नायक कोणत्या साली जन्माला यावा? सीमाभागातल्या कादंबरीविषयी एक प्रश्न

मार्कंडेयकाठ

सर्वांना सप्रेम नमस्कार.

सीमाभागातल्या एका माणसाच्या आयुष्यावर मी कादंबरी लिहीत आहे आणि एका प्रश्नापाशी येऊन अडलो आहे. येथे आपल्या भागातले जाणते वाचक आणि लिहिणारे पुष्कळ आहेत, म्हणून तो जरा सविस्तर मांडतो.

कादंबरीचा नायक परशराम हा बेळगाव तालुक्याच्या पश्चिमेकडील, राकसकोपच्या बाजूच्या एका गावातल्या कुळाचा, म्हणजे मालकाची जमीन खंडाने कसणाऱ्या शेतकऱ्याचा, मुलगा आहे. त्याचा स्वभाव माझ्या डोळ्यांसमोर पुरता उभा आहे. तो हट्टी आहे, हिशेबाला चोख आहे, दिलेल्या शब्दाला जागणारा आहे, आणि एकदा झालेला अपमान त्याच्या मनातून वर्षानुवर्षे जात नाही. सुगीनंतर खंडाचे भात घालायला तो वडिलांबरोबर मालकाच्या वाड्यावर जातो, वडील पायरीवर बसतात आणि हा मात्र शेवटचे पोते रिकामे होईपर्यंत उभाच राहतो, एवढे पहिले प्रकरण लिहून झाले आहे. ते कोणत्याही सालात घडू शकेल असे आहे. पुढचे प्रकरण मात्र साल ठरल्याशिवाय लिहिताच येत नाही.

स्वभाव ठरला की माणसाचे नशीबही ठरले, असे मानणारे लेखक पुष्कळ आहेत. आपल्या भागापुरते तरी मला ते पटत नाही. बेळगाव जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला, १९७३ साली त्याच तारखेला म्हैसूरचे कर्नाटक झाले, २०१४ साली पुन्हा त्याच तारखेला बेळगावचे बेळगावी झाले, आणि या सगळ्यात गाव मात्र जागचे तसूभरही हलले नाही. अशा मुलखात दहा वर्षे आधी जन्मलेल्या आणि दहा वर्षे नंतर जन्मलेल्या माणसाचा स्वभाव एकच असला तरी त्यांच्या वाट्याला एकच आयुष्य येत नाही.

परशराम १९२४ साली जन्मला, म्हणजे महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली बेळगावला काँग्रेसचे अधिवेशन भरले त्या वर्षी, तर दुसऱ्या महायुद्धात तो ऐन विशीत असतो. बेळगावच्या मराठा पलटणीच्या केंद्रात भरती होऊन इटलीच्या डोंगरांत लढायला जातो, आणि राज्य बदलते तेव्हा तो जग पाहून आलेला, पोराबाळांचा, बत्तीस वर्षांचा माणूस असतो. तो १९३२ साली जन्मला तर १९४६ च्या मे महिन्यात बेळगावच्या साहित्य संमेलनात संयुक्त महाराष्ट्राचा ठराव होतो तेव्हा चौदा वर्षांचा असतो, आणि १७ जानेवारी १९५६ रोजी त्या मागणीच्या चळवळीतल्या लोकांवर गोळीबार होतो तेव्हा चळवळीत उडी घेण्याच्या नेमक्या वयात असतो. १९४४ चा असेल तर त्याचे राज्य बाराव्या वर्षी बदलते, आणि सीमाप्रश्नासाठी नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली येतो तेव्हा तो तेविशीत असतो. निपाणी, खानापूर, नंदगड यांसह २६४ गावे महाराष्ट्राकडे आणि बेळगाव शहर मात्र म्हैसूरकडेच, ही शिफारस तो स्वतः वर्तमानपत्रात वाचू शकतो. १९५७ नंतरचा असेल तर मुंबई राज्य त्याने पाहिलेलेच नसते, सीमाप्रश्न त्याला वडिलोपार्जित मिळतो. आणि १९६८ चा असेल तर १९८६ च्या जूनमधले कन्नड सक्तीविरोधी आंदोलन, ज्यातील हुतात्म्यांचे स्मारक हिंडलग्याला आहे, ते त्याला अठराव्या वर्षी गाठते.

एकाच मुलाची ही पाच वेगवेगळी आयुष्ये होतात. त्यांतले एक निवडायचे ते कशाच्या आधारावर? कथेला सर्वांत जास्त घडामोडी देणारे साल घ्यावे, की ज्या सालात त्याच्या हट्टाची सर्वांत कठोर परीक्षा होईल ते घ्यावे? आपले विचार कळवावेत, ही विनंती.

वेंगुर्ले रस्ता

मार्कंडेयकाठ यांस नमस्कार. प्रश्न फार चांगला आहे, आणि आपण नायकाला कुळाचा मुलगा केले आहे त्यामुळे त्याचे उत्तर आपल्या हाताशीच आहे, असे मला वाटते. आपण दिलेल्या साऱ्या तारखा वर्तमानपत्राच्या पहिल्या पानावरच्या आहेत. कुळाच्या घराचे नशीब ज्या तारखेने फिरवले ती त्यांत नाही.

मुंबई राज्याच्या कूळ कायद्यातील तरतुदीनुसार १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला होता. त्या दिवशी जी जमीन जो कूळ कसत असेल त्याने ती विकत घेतली असे कायद्याने मानले जाणार होते. किंमत न्यायाधिकरणाने ठरवायची आणि कुळाने ती हप्त्याहप्त्याने फेडायची. आता ही तारीख १ नोव्हेंबर १९५६ च्या शेजारी ठेवून पाहावी. मध्ये जेमतेम पाच महिने आहेत. राज्य पुनर्रचनेच्या वेळी बेळगाव जिल्ह्यातला चंदगड तालुका तेवढा मुंबई राज्यात राहिला आणि बाकीचा जिल्हा म्हैसूरला गेला. चंदगडकडच्या कुळाला १ एप्रिल १९५७ लागू झाला. इकडे म्हैसूर सरकारने त्याच कलमांची अंमलबजावणी स्थगित केली. म्हैसूरचा स्वतःचा जमीन सुधारणा कायदा १९६१ साली मंजूर झाला, तो अमलात आला १९६५ साली, आणि कुळांच्या ताब्यातल्या जमिनी सरसकट सरकारजमा होऊन कुळाला कब्जेदार म्हणून हक्क मागता येण्याची तरतूद यायला १ मार्च १९७४ उजाडावा लागला. तोवर देवराज अरस मुख्यमंत्री झाले होते. सतरा वर्षे म्हणजे एका माणसाची उमेदीची सगळी वर्षे होत.

हे मी पुस्तकी माहितीवरून सांगत नाही. माझ्या आजीचे दोन भाऊ एका ओढ्याच्या दोन काठांना कुळे होते. थोरला सासरवाडीच्या जमिनीवर चंदगड हद्दीत राहायला गेला होता, धाकटा मूळ गावातच इकडे राहिला. दोघेही भातच पिकवत, दोघांचे बैलही कधीकधी एकमेकांकडे उसने जात. थोरल्याने हप्ते फेडून उताऱ्यावर नाव लावून घेतले. धाकट्याकडे पत्र्याच्या पेटीत खंडाच्या काही पावत्या होत्या, त्यांपैकी निम्म्या वाळवीने खाल्लेल्या. पुष्कळ मालक पावती देतच नसत. उताऱ्यावरच्या ‘इतर हक्क’ या रकान्यात कुळाचे नाव राहील की पुढच्या पीकपाहणीत उडेल, या एका चिंतेत त्याने ती वर्षे काढली. त्याच्या ओळखीतल्या दोघातिघांकडून या काळात मालकांनी ‘खुशीचे राजीनामे’ लिहून घेतले, म्हणजे कूळ आपण होऊन जमीन सोडत आहे असे कागदावर आले आणि खाली अंगठा. १९७४ नंतर नमुना ७, म्हणजे कब्जेदारीचा हक्क मागण्याचा अर्ज, भरायची वेळ आली तेव्हा त्यांच्या हातात भरण्यासारखे काही उरलेच नव्हते. माझ्या आजीच्या धाकट्या भावाला जमीन मिळाली, पण तोपर्यंत त्याच्या थोरल्या मुलाची शाळा सुटून बराच काळ लोटला होता आणि तो उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत साचे भरत होता. पलीकडच्या काठावरचा त्याचा चुलतभाऊ पदवीधर झाला. दोघेही एकाच वर्षीचे आहेत आणि बुद्धीनेही मला तरी उन्नीस-बीस वाटत नाहीत.

म्हणून माझे स्पष्ट मत १९४४ च्या बाजूने आहे. परशराम बारा-तेरा वर्षांचा असताना एकाला जमीन मिळते आणि दुसऱ्याला मिळत नाही. त्याची शाळा सुटायची की टिकायची याचा निर्णय त्याच वयात होतो. जमीन इकडे मिळते तेव्हा तो तीस वर्षांचा असतो, म्हणजे ती कसण्याचे बळ अंगात असते, पण तिच्या जोरावर शिकण्याचे वय निघून गेलेले असते. १९३२ चा नायक घेतलात तर त्याचे शिक्षण या तारखांच्या आधीच संपलेले असते, १९६८ चा घेतलात तर कळू लागते तेव्हा जमीन घरात आलेली असते. आणि ओढ्याचा कोणता काठ, हे साल ठरवण्याइतकेच महत्त्वाचे आहे.

वैशाखी

दोन्ही लेखन मन लावून वाचले. वेंगुर्ले रस्ता दादांनी दिलेली माहिती मोलाची आहे, पण आतापर्यंतच्या सगळ्या हिशेबात घरातली बाई कुठेच नाही, म्हणून लिहिते. परशरामला बहीण असेल, पुढे लेकीही होतील, आणि जन्माच्या सालाचा जाच त्यांना त्याच्यापेक्षा जास्त असेल. पुरुषाला एखादे साल चुकले तर पुढच्या सालात काही करता येते. आमच्याकडे मुलीचे लग्न एकदाच होत असे आणि त्या तारखेवर सगळे ठरून जात असे.

समजा परशरामची बहीण १९४८ ची आहे. त्या वेळच्या कायद्याने मुलीच्या लग्नाचे किमान वय पंधरा होते; ते अठरा झाले १९७८ साली. म्हणजे १९६४ च्या सुमारास तिचे लग्न झाले तर त्यात कायद्यालाही काही वावगे दिसणार नाही. तिला निपाणीकडे दिली, घर तंबाखूचे आहे, असे धरावे. मग १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली शेतकऱ्यांनी पुणे-बेंगळूर महामार्ग अडवला तेव्हा ती तेहतीस वर्षांची, घरात थोडाफार शब्द चालणारी बाई असते आणि भाकऱ्या बांधून रस्त्यावर जाऊन बसू शकते. ती दहा वर्षे उशिरा जन्मली असती तर त्याच वेळी सासूच्या धाकात, कडेवर तान्हे मूल घेऊन ती घरी राहिली असती. भावाने कधी न केलेले आंदोलन बहिणीने केलेले आहे, असा प्रसंग आपल्या कादंबरीला शोभेल. तंबाखूच्या वखारीत काम करणाऱ्या बायकांचा खोकला आणि लुगड्याला बसलेला वास मी लहानपणी जवळून अनुभवलेला आहे, त्यामुळे हे सुचवताना माझ्या डोळ्यांसमोर खरी माणसे आहेत.

आता लेकींविषयी, कारण माझ्या मनात खरी खळबळ त्यांच्यामुळे आहे. एकत्र कुटुंबाच्या वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलासारखा जन्मसिद्ध हक्क देणारी दुरुस्ती कर्नाटकाने १९९४ च्या जुलैमध्ये अमलात आणली. महाराष्ट्रातही तशीच दुरुस्ती त्याच वर्षी, थोडी आधी आली. दोन्हीकडे एक अट सारखीच होती: कायदा अमलात येण्यापूर्वी जिचे लग्न झाले आहे तिला तो लागू नाही. परशरामला १९७० ची आणि १९७३ ची अशा दोन लेकी आहेत असे समजा. थोरलीचे लग्न १९९४ च्या वैशाखात झाले. धाकटीचे जमले होते, पण मांडव तुळशीच्या लग्नानंतर घालायचे ठरले. एकाच आईच्या पोटच्या, एकाच वर्षी सासरी गेलेल्या दोन बहिणींपैकी धाकटी वाट्याची हक्कदार झाली आणि थोरली झाली नाही. त्यांच्या स्वभावाचा, गुणाचा किंवा बापाच्या मायेचा इथे काही संबंध आला नाही. पुढे २००५ च्या केंद्राच्या कायद्याने लग्नाच्या तारखेची अट गेली खरी, पण २० डिसेंबर २००४ पूर्वी घरात रीतसर वाटणी होऊन गेली असेल तर थोरलीला त्याचाही उपयोग नाही.

ज्या जमिनीसाठी बापाने उमेदीची वर्षे वाट पाहिली त्याच जमिनीच्या बाबतीत आपल्या थोरल्या मुलीवर तारखेमुळे अन्याय होतो आहे, हे त्या हट्टी, हिशेबी माणसाला कळते तेव्हा तो काय करतो? माझ्या मते त्याच्या स्वभावाची खरी परीक्षा तिथे आहे, आणि ती घ्यायची असेल तर त्याला १९४० ते १९४६ या दरम्यानच जन्माला घालावे लागेल.

शहापुरी

सर्वांची मते वाचली. माहितीविषयी माझा काही वाद नाही, पण दिशेविषयी आहे, आणि तो मोकळेपणाने मांडतो.

मी शहापूरचा. आमचे शहापूर १९४८ पर्यंत सांगली संस्थानात होते. बेळगाव शहराला लागून, पण राजा वेगळा. माझे आजोबा संस्थानात जन्मले, मुंबई राज्यात संसाराला लागले, म्हैसूर राज्यात म्हातारे झाले आणि कर्नाटकात वारले. घर बदलले नाही, गल्ली बदलली नाही. त्यांना विचारले असते की यांपैकी कोणत्या बदलाने तुमचे आयुष्य फिरले, तर त्यांनी एकाचेही नाव घेतले नसते. आमच्या घरातले हातमाग बंद पडून यंत्रमाग आला, ती गोष्ट त्यांनी सांगितली असती. हाताच्या धोट्यावर शहापुरी लुगडे काढणाऱ्या माणसाला यंत्रमागाच्या आवाजात शेजारी उभे राहून नुसता तुटलेला धागा सांधत बसावे लागले, याचे दुःख त्यांना अखेरपर्यंत होते. त्याची तारीख कोणत्याच राजपत्रात सापडणार नाही. घरोघरी वेगळ्या वर्षी ते घडले.

सांगायचे ते एवढ्यासाठी की नायकाचे वय एकेका ऐतिहासिक घटनेशी जुळवत गेल्याने कादंबरीची सनावळी होण्याचा धोका आहे. सीमाभागावर लिहिणाऱ्याला हा मोह फार होतो, कारण आपल्याकडे तारखा पुष्कळ आहेत आणि प्रत्येक तारखेला कुणाचे तरी रक्त सांडलेले आहे. मग नायक प्रत्येक मोर्चात पुढे असतो, प्रत्येक लाठी त्याच्याच पाठीवर बसते, आणि वाचकाला तो माणूस वाटेनासा होतो. १७ जानेवारी १९५६ हा मंगळवार होता. संक्रांत नुकतीच झालेली, भाताच्या मळण्या आटोपलेल्या, पश्चिमेकडच्या गावांतून मसूर शेतात उभी. आपल्या जिल्ह्यातली बहुसंख्य माणसे त्या दिवशी रानात होती आणि त्यांना बातमी संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी कुणीतरी बाजारातून आल्यावर कळली. परशरामही त्यांतलाच एक असू द्या. हुतात्म्यांविषयी मला नितांत आदर आहे, म्हणूनच त्यांच्या मरणाचा उपयोग नायकाला मोठे करण्यासाठी होऊ नये असे वाटते.

दुसरे म्हणजे वेंगुर्ले रस्ता यांच्या आजीचे भाऊ आणि वैशाखीताईंच्या दोन बहिणी, ही उदाहरणे ऐकताना मन हेलावते, पण त्यांत माणूस फक्त भोगणारा दिसतो. कायदा देतो, कायदा काढून घेतो. मग ‘खुशीचा राजीनामा’ समोर आल्यावर अंगठा न उठवणारेही काही होतेच ना? तेही त्याच सालचे, त्याच गावचे, तितकेच गरीब. त्यांनी का नाही उठवला, याचे उत्तर जन्मसालात मिळत नाही. कादंबरीकाराने साल नीट निवडावे, अवश्य निवडावे, पण नायकाच्या हातून निदान एक कृत्य असे घडावे की ज्याचा उलगडा त्याच्या काळाने होणार नाही. त्याच काळातल्या दुसऱ्या कुणी ते केले नसते, अशी वाचकाची खात्री पटावी. ते कृत्य आपल्याला सापडले असेल तर कोणतेही साल चालेल, आणि सापडले नसेल तर कोणतेही साल उपयोगी पडणार नाही.

हजेरीपट

मी मराठी शाळेतून निवृत्त झालेला शिक्षक आहे. वाद वाचून आनंद झाला, त्यात माझी एका बारीकशा बाबीची भर.

आपण सारे परशरामचे जन्मसाल ठरवत आहात, पण १९४४ साली खेड्यात जन्मलेल्या मुलाला बहुधा दोन जन्मसाले असतात. एक आईच्या आठवणीतले. ‘रोहिणीचा पेरा चालला होता तवा झाला ह्यो,’ एवढेच ती सांगते, आणि ते नक्षत्रापुरते बिनचूक असते, साल मात्र शेजारणीच्या मुलावरून मोजावे लागते. दुसरे शाळेच्या रजिस्टरातले. जूनमध्ये शाळा उघडली की गुरुजी मुलाला समोर उभे करीत आणि उजवा हात डोक्यावरून नेऊन डावा कान धरायला सांगत. बोटे कानाला पोहोचली तर सहा वर्षे पुरी झाली असे समजून ‘१ जून’ अशी तारीख घालीत आणि साल मागे मोजून लिहीत. नाही पोहोचली तर ‘पुढच्या वर्षी आण गा ह्याला’ म्हणून बापाला परत पाठवीत. जन्म-मृत्यू नोंदणीचा आजचा केंद्रीय कायदा १९६९ चा आहे. त्याआधीच्या पिढीचे अधिकृत वय अशा रीतीने हाताच्या लांबीवर ठरलेले आहे. १ जूनची माणसे ३१ मेला निवृत्त होतात, त्यामुळे आमच्या शाळाखात्यात त्या दिवशी निरोपसमारंभांची नुसती रांग लागत असे.

परशराम अंगाने लहानखुरा असला तर तो एक वर्ष परत पाठवला जाईल आणि कागदावर १ जून १९४५ चा होईल. १९६२ च्या चीन युद्धानंतर सैन्यभरती वाढली, तेव्हा खरा अठरा वर्षांचा असलेला हा मुलगा बेळगावच्या कॅम्पात भरतीच्या रांगेत उभा राहिला तर कागदावर वय भरत नाही म्हणून परत पाठवला जाऊ शकतो, आणि त्याच्याच बरोबरीचा, पण हाताने लांब असलेला मित्र आत जातो. त्या मित्राचे पुढे १९६५ आणि १९७१ मध्ये काय झाले, हे आपण ठरवावे.

शहापुरी यांनी सांगितलेला धोका खरा आहे, पण उपाय तारखा टाळण्यात नसून त्या लहान करण्यात आहे, असे मला वाटते. शाळेत नाव घातल्याची तारीख, पीकपाहणीची तारीख, मांडव घालण्याची तारीख यांचे ओझे माणूस रोज वाहतो.

मार्कंडेयकाठ

आपण सर्वांनी इतक्या आस्थेने लिहिले याबद्दल मनापासून आभारी आहे. माझा निर्णय जवळपास झाला आहे, तो कळवतो.

परशराम १९४४ च्या मृगापूर्वी, रोहिणीत जन्मेल आणि शाळेच्या रजिस्टरात १ जून १९४५ चा असेल. तो ओढ्याच्या अलीकडच्या काठावर राहील. पलीकडे चंदगड हद्दीत त्याचा मामा कूळ असेल आणि १ एप्रिल १९५७ मामाच्या घराला लागू होईल. भरतीतून तो परत येईल. मॅट्रिक होऊनही तालुक्याच्या कचेरीत त्याला नोकरी मिळणार नाही, कारण १९६३ च्या राजभाषा कायद्यानंतर कारभार हळूहळू कन्नडमध्ये जाऊ लागलेला असेल आणि त्याला कन्नड बोलता येत असले तरी लिहिता येत नसेल. १७ जानेवारीला तो मसुरीच्या रानात असेल. निपाणीच्या रस्त्यावर त्याची बहीण बसेल, तो बसणार नाही.

शहापुरी यांनी मागितलेले कृत्य मला आपल्या सर्वांच्या लेखनातूनच सापडले. परशरामच्या चुलत्याने मालकाला ‘खुशीचा राजीनामा’ लिहून दिलेला असेल आणि त्या दुखण्यातच तो वारलेला असेल. १९७४ नंतर परशराम नमुना ७ भरतो आणि कब्जेदारी त्याच्या नावे होते, तेव्हा जमिनीचा निम्मा भाग तो विधवा चुलतीला कसायला देतो. कायद्याने तिचा काही हक्क उरलेला नाही, घरातून सगळ्यांचा विरोध आहे, आणि त्याचे कारण तो कुणालाही सांगत नाही. वीस वर्षांनी थोरल्या लेकीचा प्रश्न उभा राहतो तेव्हा याच कृत्याचा दाखला देऊन ती बापाला जाब विचारते: चुलत आजीला दिलेत, मग मला का नाही? त्याचे उत्तर अजून मला मिळालेले नाही, पण प्रकरण कुठे जाते आहे ते दिसू लागले आहे.

आता एक शेवटची शंका गुरुजींना. १ नोव्हेंबर १९५६ चा प्रसंग मला शाळेत घालायचा आहे. वर्ग भरलेला आहे, गुरुजी मुलांना सांगत आहेत की आजपासून आपले राज्य बदलले. हे वास्तवाला धरून होईल का?

हजेरीपट

होणार नाही. तो गुरुवार होता आणि दिवाळी चालू होती. लक्ष्मीपूजन दुसऱ्या दिवशी होते. त्यामुळे शाळांना सुटी असणार. सुटीनंतर शाळा उघडली तेव्हाही मुलांच्या दृष्टीने फारसे काही बदललेले नव्हते, कारण मराठी शाळा मराठीच राहिल्या. फरक जाणवायला पुढे वर्षे जावी लागली.

त्यापेक्षा भाऊबीज घ्यावी. आपण परशरामच्या मामाला चंदगड हद्दीत ठेवलेच आहे. दरवर्षीप्रमाणे तो ओवाळून घ्यायला बहिणीकडे चालत येईल, आणि दुसऱ्या राज्यातून आला असेल. मुलाला ते कुणाच्या तोंडून कळते हे ठरवताना एक लक्षात घ्यावे, की त्या काळी खेड्यात वर्तमानपत्र येत असलेच तर ते बहुधा एखाद्याच घरी येई, आणि आपल्या गावात ते घर मालकाचे असण्याचा संभव अधिक आहे.